फ्लेक्सवरची माधवी

माधवीचा फोटो फ्लेक्सवर लागला तर पुढच्या बॅचला पन्नास पोरं सहज येतील, असा गुणवंतराव सरांचा हिशेब होता. अहेरीत त्यांचा भरतीचा क्लास. त्याच क्लासातून त्यांनी माधवीला हाकललं होतं.

फळ्यावर इंग्रजीत वाक्य होतं, वाघाने ज्याला मारलं तो माणूस, आणि 'ज्याला'ची जागा भरायची होती. सर म्हणाले, माणसासाठी नेहमी 'हू'. माधवी म्हणाली, "सर, मारलं वाघानं. माणूस मेला. इथी 'हूम' पाह्यजे."

"मंग तूच शिकव," म्हणत सरांनी तिला दार दाखवलं. वनरक्षकाच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला.

निवड यादीत माधवीचं नाव लागलं आणि आठवडी बाजारात फ्लेक्स चढू लागला: 'आमची गुणी विद्यार्थिनी'. माधवीने तो भर बाजारात फाडला.

"काऊन वं? फोटो तं तुहाच हाय नं!" सर ओरडले.

"हाकललं तवा कोणाची होती मी? या रोशनचा लावा नं! शेवटवर तुमच्याच क्लासात बसला तो."

फ्लेक्सची दोरी धरून रोशन तिथेच उभा होता. सरांवर भरवसा ठेवून त्याने 'हू'वर खूण केली होती, आणि एकाच गुणाने त्याचं नाव यादीत यायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो उंच खांबावर लागला, बॅचही भरली. सरांचं काहीच गेलं नाही. नोकरी रोशनची गेली, आणि फीसुद्धा त्यानेच भरली होती.