निळ्या दिव्याखाली

“बाळाला दिव्याखालून उचललं कुणी?” डॉक्टरांनी दारातूनच विचारलं. काविळीचा आकडा उतरायचा, तो उलट चढला होता.

मोठ्या सिस्टरांनी मान खाली घातली. निवृत्त होईपर्यंत ही खोली त्यांचीच होती. डोळ्यांना पट्टी बांधलेली उघडी बाळं निळ्या उजेडात टाहो फोडायची, आणि आया पुढे झाल्या की सिस्टर गुरकावायच्या, “हात मागे! पाजण्यापुरतंच घ्यायचं. रडण्यानं काही होत नाही, कावीळ मेंदूत गेली तर पस्तावाल.” मग एक तळवा बाळाच्या डोक्याला, एक पावलांना लावून नुसत्या उभ्या राहायच्या. बाळ गप्प. त्यांच्या हाताला गुण होता, यात वाद नाही.

पण त्या दिव्याखाली स्वतःचा नातू आला आणि सगळं शहाणपण पार धुऊन निघालं. लेकीचा डोळा लागला की त्या बाळाला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरून बसत. नर्सना दिसत होतं, पण मोठ्या सिस्टरांना सांगणार कोण?

“मीच उचललं,” त्या म्हणाल्या. “रडत होता हो.”

“सिस्टर, नका उचलू हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही तर बाळाचं रक्त बदलावं लागेल.” डॉक्टर निघून गेले.

लेक खाटेवर उठून बसली होती. “मी रडायचे तेव्हा तू इथे लोकांची पोरं शांत करत होतीस. मला काकूनं वाढवलं. ती कसर माझ्या बाळावर काढतेस होय गं, आई?”

“चुकलं माझं.”

“तू बाहेर बस.”

त्या बाहेर बसल्या. काचेतून दिसत होतं, लेक घाबरून बाळाला भराभर थोपटत होती. सिस्टरांनी खूण केली: थोपटू नको, नुसता हात ठेव. लेकीनं पाहिलं. हात स्थिरावला. बाळही हळूहळू निवलं.

संध्याकाळी आकडा उतरला. लेक बाहेर आली, भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडू लागली.

सिस्टर लगबगीनं उठल्या. हात पुढे केला, पण एवढ्या मोठ्या लेकीला तो कुठे ठेवायचा, हेच त्यांना सुचेना. तेवढ्यात आत बाळ रडलं आणि लेक डोळे पुसत आत गेली.