लाह्यांचं पाणी

सुकरी बोलीभाषा नोंदवणाऱ्या हेमलताच्या गुरुग्रामच्या फ्लॅटवर राहायला आली, ती शब्द सांगायला. ओडिशातल्या कोरापुटच्या डोंगरातली तिची मुंडा भाषाकुळातली बोली धड बोलणारी ती एकटीच उरली होती. तिचा मुलगा फरीदाबादला कारखान्यात. त्याला हिंदीच बरी वाटे.

आणि काय श्रीमंत भाषा हो! आपण मेले शेतातल्यालाही भात म्हणतो नि ताटातल्यालाही. तिच्याकडे लोंबीत दूध भरलेल्या भाताला वेगळा शब्द, कापलेल्याला वेगळा, कणगीतल्याला वेगळा. बियाण्याला तर माणसासारखं नाव. हेमलता हरखून सगळं रेकॉर्ड करत होती.

सुकरीच्या उशाशी फडक्यात मूठभर भाताचं बियाणं असे. गावात सगळे सरकारी वाण लावायला लागलेले, जुनं एवढंच राहिलेलं. ज्येष्ठात परत जाऊन ती ते पेरणार होती. हेमलताला हे माहीत होतं, पण ऑफिसच्या गडबडीत घरी सांगायचं राहून गेलं.

एके दिवशी सुकरीला उलट्या सुरू झाल्या. पोटात पाणी ठरेना. घरी हेमलताच्या सासूबाई, प्रमोदिनी. दुसऱ्यासाठी जीव टाकणारी बाई! उलटीवर लाह्यांचं पाणी द्यावं, पण साळीच्या लाह्या आयत्या वेळी आणायच्या कुठून? तेवढ्यात फडक्यातली साळ दिसली. कढई तापवली, होत्या नव्हत्या सगळ्या साळीच्या लाह्या फोडल्या, भिजवून गाळल्या, मीठसाखर घालून चमच्याचमच्याने पाजल्या. उलटी थांबलीसुद्धा!

संध्याकाळी हेमलता आली तर सुकरी उशाखाली चाचपत होती.

"अगं, त्या फडक्यातल्या साळीचंच तर पाणी पाजलं तिला!" प्रमोदिनीबाई कौतुकाने म्हणाल्या.

हेमलताने रिकामं फडकं उचललं. सुकरीला हिंदीत सांगावं तर लागलंच. सुकरी ओरडली नाही. तिने केस सोडले आणि घरात माणूस गेल्यासारखी भिंतीशी जाऊन बसली. प्रमोदिनीबाईंनी तिचे पाय धरले, "मला काय माहीत गं बाई!" सुकरीने उलट त्यांच्याच पाठीवर हात फिरवला.

आठवड्याने ती आपणहून रेकॉर्डिंगला बसली. हेमलताने भीतभीतच उभ्या पिकाचा फोटो दाखवला.

"चावल," सुकरी हिंदीत म्हणाली.

कणगीचा दाखवला.

"चावल."

हेमलताला रडू फुटलं. तिने स्वतःच सुकरीच्या भाषेतला शब्द उच्चारला. सुकरीने हलकेच तिच्या तोंडावर हात ठेवला. "जिसके घर बीज मर गया, वो ये नाम नहीं लेता."

"फिर कौन लेगा, आजी?"

"कोई नहीं," सुकरी म्हणाली, आणि मशीन बंद कर म्हणून तिने हातानेच खुणावलं.