साडेचारची रेघ

नंदाबाईच्या उजव्या अंगठ्याचं नख तिच्या बाकीच्या नखांपेक्षा तीन मिलिमीटर लांब होतं. प्रीती खरातने ते एकदा खरोखरच पट्टीने मोजलं होतं, आणि त्यापायी नंदाबाईने तिला आख्खा हंगाम चिडवलं होतं. कपाशीच्या क्रॉसिंगचे दिवस आले की नंदाबाई ते नख राखायची. उद्या उमलणाऱ्या कळीच्या बुडाशी ते संध्याकाळी गोल फिरवायचं आणि पाकळ्या, पुंकेसर सगळं टोपीसारखं अलगद उचलून काढायचं. मधली नाजूक दांडी तेवढी उभी राहते. सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग लावायचे, देठाला लाल दोरा बांधायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. हे सगळं अकराच्या आत, कारण अकरानंतर फूल कुणाचं ऐकत नाही.

अंबड रोडवरच्या त्या बियाणे कंपनीत नंदाबाईचा प्लॉट आणि प्रीतीची प्रयोगशाळा यांत दोनशे पावलांचं अंतर होतं. प्रीतीने तेही मोजलेलं होतं.

तिचं काम मात्र नखाने होण्यासारखं नव्हतं. तुरीच्या दाण्यात एक छोटं प्रथिन असतं. अळीने दाणा खाल्ला की ते तिच्या पोटातल्या पाचक विकराला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. ही मिठी आणखी घट्ट कशी करायची, हा प्रीतीचा चार वर्षांचा प्रश्न. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, पण ही माळ सरळ राहत नाही. तिची गुंडाळी होते आणि माळेत लांब लांब असलेले मणी शेजारी येऊन बसतात. कोणता मणी कोणाला लागून आहे, याची यादी करायची. दोघांचे अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले तर स्पर्श, बाहेर राहिले तर नाही. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. नंदाबाईचं नख तिथे डोंगराएवढं.

यादीतून दोन मणी वर आले होते, सतरावा आणि एक्केचाळिसावा. बदलायचा त्यातला एकच, कारण या वर्षी एकाच बदललेल्या प्रथिनाला मंजुरी होती. त्याचं जनुक बनवून घ्यायची ऑर्डर शनिवारी दुपारी एकला जायची होती. नाही गेली, तर मंजुरी कंपनीतल्या मिरचीवाल्या गटाकडे वळणार आणि तुरीचं काम बंद. प्रयोगशाळेचे प्रमुख काकासाहेब यांनी हे जूनमध्येच आवाज न चढवता सांगितलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी ते एकच विचारायचे, "ठरलं का?"

सतरावा मणी सज्जन होता. त्याला अकरा शेजारी लागून होते. जगात पुष्कळांनी तो बदलून पाहिलेला. बिघडणार काही नाही, सुधारणारही फारसं नाही. एक्केचाळिसावा कडेला बसलेला, त्याला जेमतेम चार शेजारी. पण तिथलं सिरीन हे अमिनो आम्ल काढून आर्जिनीन बसवलं, तर त्याचा लांब हात अळीच्या विकरापर्यंत पोचत होता. अंतर चार पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांश. म्हणजे रेघेच्या आत, पण किती, तर दोन शतांशाने.

त्या दोन शतांशांनी प्रीतीची झोप खाल्ली होती. तिने रेघ चारवर नेऊन पाहिली, पाचवर नेऊन पाहिली, संगणकात रेणू हलवून पाहिले. मनातून तिला एक्केचाळीसच हवा होता, आणि हे तिला जूनपासूनच ठाऊक होतं. पण दोन वर्षांपूर्वी तिने असाच एक आकडा ठामपणे सांगितला होता, आणि नळीत प्रथिनाऐवजी फाटलेल्या दुधासारखा गोळा आला होता. कोणी बोल लावला नाही. अबुजरने फक्त त्याला 'प्रीती मॅडमचं पनीर' म्हणायला सुरुवात केली. ती स्वतःही हसली होती. मात्र त्यानंतर तिने कोणताही आकडा असा ठामपणे सांगितलेला नव्हता.

अबुजर तिचा संगणकाचा सहकारी. रोज जुन्या जालन्याहून स्कूटरवर यायचा आणि डबा उघडायच्या आधी आलेख उघडायचा. शनिवारी सकाळी त्याने शेवटचा आलेख तिच्यापुढे ठेवला.

"बासष्ट टक्के," तो म्हणाला. "रेणू हलत असताना बासष्ट टक्के वेळ स्पर्श टिकतो. बराबर?"

"बरोबर. पण अडतीस टक्के सुटतो."

"मॅडम, माझ्या आणि रुखसारच्या लग्नाला सहा वर्षं झाली. आमचं बासष्ट टक्के वेळ जमलं, तर मी मोहल्ल्यात मिठाई वाटीन."

"प्रथिनाचं आणि लग्नाचं काय?"

"काहीच नाही. लग्न मी एका महिन्यात ठरवलं होतं."

प्रीती उठून बाहेर पडली. विचार अडला की प्लॉटला चक्कर मारायची, ही तिची जुनी सवय. नंदाबाई ओळीत वाकून पराग लावत होती. तिने मान वर केली नाही.

"तिसरी चक्कर आजची. पहिल्या दोन चकरांत माझी दोनशे फुलं झाली, म्याडम. तुमचं काय झालं?"

"माझं एकच आहे."

"एकाला एवढा येळ? बिलकुल लाडाचं दिसतंय."

प्रीतीने सांगितलं. साडेचार, चार पूर्णांक अठ्ठेचाळीस, सगळं. नंदाबाईचे कान तिच्याकडे आणि हात फुलांकडे होते.

"ही साडेचारची रेघ कोनं मारली?"

"आम्हीच. कोणी चार घेतं, कोणी पाच. मी साडेचार घेतली."

"म्हंजे रेघ तुम्हीच मारली, अन् चार महिन्यांपासून तिच्याशी तुम्हीच भांडून राह्यल्या."

आपल्या प्रबंधात प्रीतीने या रेघेवर तीन पानं लिहिली होती. त्यांत हे आलेलं नव्हतं.

"घ्या," नंदाबाईने परागाचं फूल तिच्या हातात दिलं. "एक करा. डोकं निवंल."

प्रीतीने पराग दांडीवर टेकवून फिरवले. मग वाकून पाहिलं. मग ॲप्रनच्या खिशातून भिंग काढलं. डाव्या बाजूला पराग कमी वाटले, म्हणून पुन्हा फिरवले. आता उजवीकडे कमी वाटले. तिसऱ्यांदा फिरवताना दांडी काटकन मोडली.

"तुटलं," ती म्हणाली.

"तुटंलच की. पहिल्यांदाच लागलं होतं ते. पुढचं दोनदा तुम्ही फुलासाठी न्हाई, सोतासाठी चोळलं."

"तुम्हाला कसं कळतं, लागलं ते?"

"न्हाई कळत." नंदाबाईने दोऱ्याची गाठ मारली. "शंभर बांधले तं पन्नास धरतात. बाकीचे गळतात. गळालं की दोरा उचलायचा अन् उद्या दुसऱ्याला बांधायचा. दोरा काय रडत न्हाई बसत."

तेवढ्यात अबुजर दोन ओळींच्या मधून, झाडांना धक्का न लावता, मोबाइल पुढे धरून येताना दिसला. कपाशीत तो नेहमी पाण्यात उतरल्यासारखा चालायचा.

"सर बोलतायत," तो म्हणाला आणि स्पीकर चालू केला. "जल्दी करा, मॅडम. नाहीतर मिरचीवाले फॉर्म घेऊन दारात उभे राहतील."

"खरात मॅडम," काकासाहेबांचा आवाज आला, सोमवारी यायचा तसाच सपाट. "ठरलं का? एकपर्यंत वेळ आहे. हवं तर थांबतो मी."

प्रीतीने घड्याळात पाहिलं. पावणेअकरा झाले होते. दोन तास पंधरा मिनिटांत आणखी एक आलेख निघू शकला असता. रेघ पावणेपाचवर ठेवून पाहायची राहिलीच होती. तिच्या बोटांना पिवळे पराग लागले होते आणि तळहातावर ती मोडकी दांडी होती.

"पनीर झालं तर रोट्या मी आणतो," अबुजर हळूच म्हणाला. "रुखसारच्या हातच्या."

नंदाबाईने मोडलेल्या कळीचा देठ ओळीतून खुडून टाकला आणि पुढच्या झाडाकडे सरकली. "अकरा वाजून राह्यले," ती फुलाकडे बघत म्हणाली. कोणाला उद्देशून, ते तिने सांगितलं नाही.

प्रीतीने भिंग खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि फोन हातात घेतला.

"एक्केचाळीस, सर," ती म्हणाली. "सिरीन काढून आर्जिनीन."