वाचून दाखवलेली पत्रं

लढाईच्या काळात आमच्या गावची निम्मी तरणी माणसं पलटणीत होती. त्यांच्या बायकांची पत्रं मी लिहून देत असे. आघाडीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, असा गावाचा दंडक होता. तो सर्वांत कसोशीनं मी पाळला, शाळेच्या मास्तरानं.

मनुबाई शाळेच्या पायरीवर बसून सांगायची: सासू पोटाला घालत नाही, दीर हात उगारतो, काहीतरी करा. मी लिहायचो, 'इकडे सर्व क्षेम आहे. मी सुखात आहे.' मग वाचून दाखवताना कागदावर बोट फिरवत तिचेच शब्द म्हणायचो. ती मान हलवायची. तिच्या नवऱ्याची, नाथाजीची, उत्तरं यायची; त्यांत तिच्या दुःखाबद्दल अक्षर नसायचं. चव्वेचाळीस साली ती कराडजवळ माहेरी निघून गेली.

एकोणपन्नास साली नाथाजीनं साताऱ्याच्या कोर्टात घटस्फोट मागितला. नवा कायदा झाला होता. बायको चार वर्षं विनाकारण दूर राहिली तर काडीमोड मिळत होता. विनाकारण गेली याला पुरावा म्हणून त्यानं माझ्या अक्षरातली नऊ पत्रं पुढं केली. ती खरी धरली असती, तर मनुबाई घर मोडणारी ठरली असती.

मला साक्षीला बोलावलं.

न्यायाधीश म्हणाले, "कारण पुरेसं होतं की नव्हतं, हे कायद्यानं माझ्यावर सोपवलंय, मास्तर. मी पत्रांवर भरवसा ठेवू, का बाईंवर?"

"बाईंवर," मी म्हणालो, आणि तिनं काय काय सांगितलं होतं ते सगळं सांगितलं.

"पण पत्रं तिला वाचून दाखवलीत ना?"

"कागदावरचं नाही वाचलं, साहेब. तिनं सांगितलेलं म्हणून दाखवलं."

लिहून घेणारा कारकून माझाच जुना विद्यार्थी होता. त्याची लेखणी थांबली. कागदावर आहे तेच वाच, म्हणून मी त्याला एकदा दुपारभर उभा केला होता.

मागून नाथाजी हळूच म्हणाला, "मला कवा कळलंच न्हाई."

दावा फेटाळला गेला. निकालाची नक्कल घ्यायला मनुबाई आली, त्या दिवशी मीही गेलो होतो. ती कागद उलटासुलटा करून पाहत होती. वाचून दाखवायला मी हात पुढं केला.

"आवं गुरुजी, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारा एक अनोळखी माणूस बसला होता. त्याच्यासमोर जाऊन ती उकिडवी बसली आणि कागद त्याच्या हातात दिला.