दृष्टीचा ओळंबा

ती भिंत भार घेत नव्हती. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. माझी अक्कल तेवढ्यावरच संपत होती, हे मात्र फार उशिरा कळलं.

सत्याऐंशी साल. मुलुंडला आमची सोसायटी, तळमजला आणि वर तीन मजले. बिऱ्हाडं बारा, सगळी कणकवली-मालवणकडची, गिरणी सुटल्यावर मिळेल त्या नोकरीला चिकटलेली. तळमजल्यावर दोन गोदामं आणि मध्ये विटांची लांबलचक भिंत. सेक्रेटरी जयवंतच्या डोक्यात आलं, भिंत पाडली तर झकास हॉल होईल. बारशी, साखरपुडे, सगळं घरच्या घरी. मी पार्ल्याला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे ड्राफ्ट्समन, म्हणजे दुसऱ्याच्या गणितावर रेघा मारणारा. सोसायटीत मात्र मी इंजिनिअरच. भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणालो, "मधली भिंत आहे रे नुसती. भार खांबांवर आहे. बिनधास्त पाडा."

भिंत गेली. गणपतीत जयवंतने मला शाल-नारळ दिला आणि पुढे बसलेली आई पदराने डोळे पुसत राहिली. मला भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात हॉल नकाशात दाखवायची वेळ आली. एका शनिवारी सोसायटीचे जुने नकाशे घेऊन मी ऑफिसात गेलो, स्वतःच रेघा बदलायला. ते दिसताच आमच्या इंजिनिअर चंद्रप्रकाश सरांनी खालच्या खांबांवर पेन्सिल टेकवली. "एवढे बारीक? म्हणजे ही नॉन-स्वे धरलीय."

स्वे आणि नॉन-स्वे हे शब्द मी बारा वर्षं नकाशांवर लिहीत होतो, पोस्टमन पत्रं वाटतो तसे, आतलं न वाचता. सरांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं.

"यावर बसलास तर भार कोण घेतं? पाय. या आडव्या पट्ट्या काही घेतात? नाही. आता पट्ट्या काढ आणि बाजूने ढकल. काही फ्रेम आपल्या खांबांच्या जोरावर डोल सोसतात, त्यांचे खांब तसे दणकट करतात. ही तशी नाही, ही नॉन-स्वे. हिला डोलूच द्यायचं नाही म्हणून ही भिंत, आणि भिंत आहे म्हणून खांब बारीक. उद्या ही जराशी कलली, तर वरचं वजनच तिला आणखी कलवत नेईल." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भिंत आहे ना जागेवर?"

"हो सर," मी म्हणालो.

का म्हणालो? त्या शालीसाठी. दुसरं कारण शोधून सापडत नाही. आणि रविवारी सुगंधाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, मुलीचं बारसं होतं, त्याच हॉलमध्ये. म्हटलं, सोमवारी बघू.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तुळईच्या हुकाला पाळणा बांधला आणि शेजारच्या हुकाला गवंड्याचा ओळंबा सोडला. टोक जिथे आलं, तिथे लादीवर खडूने ठिपका केला.

"दादा, पाळण्याशेजारी हे काय टांगलंस?" सुगंधाने विचारलं.

"दृष्ट लागू नये म्हणून."

आईला ते इतकं आवडलं की तिने त्या ठिपक्याभोवती रांगोळी घातली. बाकी सगळे वर-खाली धावत होते. गच्चीवर त्याच आठवड्यात सिमेंटची नवी टाकी बांधून झाली होती. पाहुण्यांना पाणी पुरावं म्हणून जयवंतने ती पहिल्यांदाच काठोकाठ भरली.

दहा वाजता ओळंबा ठिपक्यावर होता. नाव ठेवताना बायका गात होत्या, तेव्हा तो दाणाभर सरकलेला दिसला. पंगत बसली तेव्हा दोन बोटं. वारा नव्हता, ओळंबा हलतही नव्हता, नुसता ठिपका सोडून उभा होता. दाराजवळच्या खांबाच्या डोक्याशी गिलावा फुटून खाली पांढरी भुकटी पडली होती.

जयवंतला बाजूला घेतलं. "सगळ्यांना बाहेर काढ. बिल्डिंग कलतेय."

"सहदेवा, भिंत भार घेत नाही म्हणून तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग? बारशात वाट लावू नको यार. जेवायला बस."

माझ्याच शब्दाने माझं तोंड बंद केलं. आता समजावत बसायला वेळ नव्हता. मी सरळ पाळण्यातली पोर उचलली आणि पळत सुटलो, गेटबाहेर, थेट रस्त्यापलीकडे.

मागे सुगंधा किंचाळत, तिच्यामागे नवरा, मग सगळी पंगत, खरकट्या हातांनी मला धरायला. वरच्या घरांत तेव्हा कुणीच नव्हतं, सगळी सोसायटी जेवायला खाली होती. मी माणसं मोजली. सगळी आली होती, आईसुद्धा. जयवंतने माझी कॉलर धरली. तेव्हा बोललो, सगळ्यांसमोर. भिंतीचं, सरांचं, मी मारलेल्या थापेचं.

आई ऐकत नव्हती. ती वळून हॉलच्या उघड्या दाराकडे बघत होती. मी पोर हिसकून घेतली होती ना, त्या झटक्याने पाळणा अजून झुलत होता.

"रिकामो पाळणो हलता," ती म्हणाली. "पोरीक बरा नाय ता." आणि चालू लागली.

"आई, जाऊ नको," मी ओरडलो. माझे हात पोरीने अडकलेले, कॉलर जयवंतच्या मुठीत. आईने न वळता हात हलवला, आलेच म्हणून. सत्तरीतली बाई, पण पायाला चपळ. आत जाऊन तिने दोन्ही हातांनी पाळणा धरला. थांबवला.

मग आमच्याकडे बघितलं. घाबरलेली नव्हती, नवल वाटल्यासारखी होती.

"सहदेवा, हो पाळणो माका ओढता रे."

खालचे खांब एकाच बाजूला झुकले आणि वरचे तीन मजले, वाळत घातलेल्या कपड्यांसकट, खाली बसले. पोर माझ्या हातात झोपलेलीच होती. जयवंतने माझी कॉलर तेव्हा सोडली.