भरल्या ओटीतली थरथर

माझ्या अंगात देवी येते, असं माहेरचं अख्खं वालावल गाव म्हणतं. मीही म्हणायचे. तळवे गार पडतात, गुडघे लटपटतात, जिभेला कोरड पडते. दुसरं काय म्हणणार? माझं सगळंच असं. कपाळ दुखतं, भूक मरते, एवढं कळतं. का, ते कळत नाही. कुणी “वाईट वाटतंय?” विचारलं की मी पोट चाचपून बघते.

देवी मात्र वेळेची पक्की. नवरा, सुशांत, देवगडहून मला सासरी न्यायला आला की त्याच्या मोटारसायकलच्या आवाजालाच अंगात शिरते. मग सारिकावहिनी ओटी भरते, बाबा गाऱ्हाणं घालतात, आणि थरथर ओसरली की मला त्याच्यामागे बसवून देतात.

आज दुपारी तो येणार होता. सकाळी वहिनी आणि मी खाडीपलीकडून होडीने परतत होतो. मध्येच होडी कलंडली, पाणी आत आलं. वहिनीने माझा हात गच्च धरला. तिचा तळवा गार, गुडघे माझ्या गुडघ्यांवर आपटत होते. होडीवाल्याने कसंबसं सावरलं.

“वयनी, तुझ्या पण आंगात देवी इली?”

“देवी खंयची गो! भियालंय मी. भय वाटला काय असाच होता.”

असंच? सासरी दारात त्याच्या चपला वाजल्या की मी हातातलं भांडं आधी खाली ठेवते. भांडं पडलं की काय होतं, ते माझ्या पाठीला माहीत आहे. म्हणजे इतके दिवस ते भय होतं! आता मला होडीपेक्षा किनाऱ्याचीच जास्त भीती वाटू लागली.

दुपारी मोटारसायकल वाजली. मी थरथरले. ओटी भरली गेली.

“आये माऊली,” बाबांनी हात जोडले, “काय चुकला आसात तर पोटात घाल. चेडवाक सुखान नांदाक जावंदे.”

“व्हय म्हाराजा!” शेजारी ओरडले. सुशांत सगळ्यात मोठ्याने.

“सांग आये, तुका काय होया?” बाबांनी माझ्यातल्या देवीला काय हवं ते विचारलं.

देवी होऊन बोलले असते तर सगळ्यांनी निमूट ऐकलं असतं. पण पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा ओटी भरायला नारळच आणला असता.

“बाबा, देवी नाय. मी विनीता. माका ह्येचा भय वाटता.”

मी सुशांतकडे बोट दाखवलं. सुशांत हसला, पुढे आला. बाबांनी माझा हात धरला. त्यांचाही तळवा गार पडला होता. पण त्यांनी सोडला नाही.