पुढे चाल

लिपिकाने फळ्यावर तिच्या देशापुढे तिसऱ्यांदा ‘पुढे चाल’ लिहायला खडू उचलला, तोच पंचांनी त्याचा हात धरला.

“थांब. आधी यांना विचारू.”

ती बॅडमिंटन कोर्टाच्या कडेला बसून बुटांच्या बांधलेल्या नाड्या पुन्हा बांधत होती. पहिली प्रतिस्पर्धी विमानतळ बंद पडल्याने आलीच नाही. दुसरीच्या देशाने युद्ध पेटताच अख्खा संघ परत बोलावला. आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणे! प्रेक्षकांत निम्मे पोलीस होते, आणि एकदाही रॅकेट न उचलता ती अंतिम फेरीत येऊन बसली होती.

आता समोर ‘भिंत’ होती. काहीही मारा, परत येतंच, म्हणून सगळे तिला भिंतच म्हणत. भिंतीपुढे ही सात वेळा खेळली आणि सातही वेळा हरली. वयाचं एकतिसावं सरलं होतं. पुढच्या वर्षी स्पर्धा होणार की नाही, ते कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं.

पंच जवळ आले. “त्यांची बस नाक्यावर तपासणीत अडकलीय. चार दिवस प्रवासात आहेत बिचाऱ्या. वीस मिनिटांत पोचतील. तुमची हरकत नसेल तर थांबू.”

“आणि असेल तर?”

“तर नियमाप्रमाणे पुढे चाल.”

तिने बाबांकडे पाहिलं. ते बाकावर बसून तिच्या रॅकेटच्या तारा बोटाने ताणून बघत होते. तिच्या रॅकेटला तारा ओवता ओवता त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. लहानपणी ती मागच्या रेषेला चिकटून खेळायची आणि ते कडेवरून घसा फोडून ओरडायचे, “पुढे चाल गं! घाबरतेस कुणाला?”

“थांबू या ना,” बाबा म्हणाले. “वीस मिनिटं तर आहेत.”

“आणि आठव्यांदा हरले तर?”

बाबांनी रॅकेट पिशवीत घातली आणि चेन ओढली.

“माझी हरकत आहे,” ती पंचांना म्हणाली. आवाज जरा मोठाच लागला.

खडू करकरला. अध्यक्षांनी भाषणात मैत्रीचे पूल बांधले, चषक दिला, फोटोसाठी दोनदा हसायला लावलं. चषक चांगलाच जड होता. इतकी वर्षं स्वप्नात तो उचलताना तिला रडू यायचं. आज नुसती लाज वाटली.

बाहेर पडताना दारातच भिंत भेटली. पाय सुजलेले, बुटांच्या नाड्या सोडलेल्या. तिने आधी फळा पाहिला, मग चषक, आणि हात पुढे केला.

“अभिनंदन.”

टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

भिंत बाकावर टेकली आणि पिशवीतून रॅकेट काढून बघू लागली. नाक्यावरच्या शिपायांनी सामान उचकताना मधल्या तारा तोडल्या होत्या.

ती गाडीपाशी पोचली तेव्हा बाबा मागे नव्हते. ती परत आली. बाबा भिंतीशेजारी बसले होते. रॅकेट गुडघ्यांत धरून, तारेचं रीळ उलगडून ते एकेका भोकातून तार ओवत होते.

“बाबा, चला. मॅच संपली.”

“हो ना.” त्यांनी मान वर केली नाही. “तू पुढे चाल.”